विमानाची वेळ बदलते तेव्हा

१८ जानेवारी २०२३ रोजी अमृतसरहून सिंगापूरला जाणाऱ्या स्कूट कंपनीच्या विमानाची ठरलेली वेळ संध्याकाळी ७ वाजून ५५ मिनिटांची होती. विमान त्या दिवशी दुपारीच निघून गेलं. संध्याकाळच्या हिशेबाने सामान घेऊन पोहोचलेले तिसेक प्रवासी मागे राहिले आणि विमानतळावर मोठा गोंधळ झाला. विमानतळाच्या संचालकांनी नंतर सांगितलं ते असं: या मंडळींची तिकिटं एका एजंटने गटाने काढली होती आणि बदललेली वेळ त्याने त्यांना कळवलीच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, चौकशी लावली.

विमान इतकं आधी निघून जाणं क्वचितच घडतं. पण विमान कंपनीने पाठवलेला निरोप वाटेत कुठेतरी अडकून पडणं, हे एजंटच्या व्यवसायात रोजचं आहे. तिकीट काढून देणं हे एजंटचं काम, अशी आपली समजूत असते. तिकीट तर आज कुणीही मोबाईलवर काढू शकतो. एजंटची खरी परीक्षा तिकीट काढल्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांत होते, आणि तीही कंपनी वेळापत्रक हलवते तेव्हा.

वेळापत्रक का हलतं, हे आधी पाहू. विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी तिकिटं विकायला काढतात. वेळापत्रकाचे हंगाम मात्र वर्षाला दोन. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, त्या प्रत्येक हंगामासाठी वेगळ्या वाटल्या जातात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, वर्षातून दोनदा परिषद भरवते. याचा अर्थ असा की जानेवारीत दिवाळीचं तिकीट काढणाऱ्या माणसाला जी वेळ दिसते, ती बहुतेकदा गेल्या वर्षीच्या वेळापत्रकाची नक्कल असते. खरी वेळ नंतर ठरते.

त्यावर बाकीची कारणं येतात. २०२३ पासून प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या तपासण्यांमुळे आपल्याकडची कितीतरी विमानं जमिनीवर उभी राहिली. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि एअर इंडियाची युरोप-अमेरिकेची उड्डाणं लांबली. पुण्याचा लोहगाव विमानतळ धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस पूर्ण बंद होता, आणि त्या पंधरवड्याची तिकिटं आधीच काढलेल्या प्रत्येक माणसाला मुंबईचा रस्ता धरावा लागला किंवा तारीख बदलावी लागली. आता वेळेबरोबर विमानतळही पाहावा लागतो. गोव्यात जानेवारी २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली. सावंतवाडीच्या माणसाला मोपा घराजवळ, मडगावच्या माणसाला दाबोळी. कंपनीने उड्डाण एकाकडून दुसरीकडे नेलं तर घड्याळात पाच मिनिटांचाही फरक नसताना त्या माणसाचा सगळा दिवस बदलतो.

आता एजंटच्या टेबलाशी येऊ. प्रत्येक बुकिंगला अक्षरं-आकड्यांचा सहा जागांचा एक क्रमांक असतो, त्याला पीएनआर म्हणतात. पारंपरिक विमान कंपन्यांची बुकिंगं अमेडियस, सेबर, गॅलिलिओ अशा जागतिक आरक्षण प्रणालींमध्ये राहतात. कंपनीने वेळापत्रक बदललं की बदल त्या प्रणालीत जातो, तिथे तो लागू होणारे सगळे पीएनआर शोधले जातात आणि ज्या एजंटने ते बुकिंग केलं त्याच्या क्यूमध्ये टाकले जातात. क्यू म्हणजे कामाची रांग. सकाळी कार्यालय उघडलं की आधी क्यू साफ करायचा, ही चांगल्या एजन्सीची शिस्त. सणासुदीच्या तोंडावर किंवा हंगाम बदलताना एका सकाळी या रांगेत शेकडो पीएनआर येऊन पडतात.

पीएनआर उघडला की प्रत्येक उड्डाणाच्या ओळीपुढे दोन अक्षरं दिसतात. एचके असेल तर जागा पक्की. बदल आला की जुन्या ओळीपुढे यूएन येतं, म्हणजे हे उड्डाण आता या वेळेला नाही. त्याच्याखाली नवी ओळ येते आणि तिच्यापुढे टीके असतं, म्हणजे कंपनीने नव्या वेळेला जागा धरली आहे, प्रवाशाला कळवा. एजंटने एक छोटी आज्ञा दिली की यूएनची ओळ पुसली जाते आणि टीकेचं एचके होतं. दोन-तीन सेकंदांचं काम. हे प्रकरण खरं म्हणजे त्या दोन-तीन सेकंदांविषयी आहे, कारण टीके हा कंपनीने मांडलेला प्रस्ताव असतो आणि त्याचं एचके करणं हा प्रवाशाचा होकार.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याचं सत्तरीतलं एक जोडपं शिकागोला मुलाकडे निघालं आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथून शिकागो. विमान फ्रँकफर्टला सकाळी ८:१० ला पोहोचतं, शिकागोचं विमान १०:२० ला सुटतं. मध्ये दोन तास दहा मिनिटं. एजंटने हे मुद्दाम असं निवडलेलं, कारण आजींसाठी व्हीलचेअर सांगितलेली आहे. चार महिन्यांनी बदल येतो. मुंबईचं विमान पन्नास मिनिटं उशिरा, आता ते फ्रँकफर्टला ९ ला पोहोचेल. शिकागोचं विमान पस्तीस मिनिटं लवकर, ते ९:४५ ला सुटेल. सुटी सुटी पाहिली तर दोन्ही ओळींत तासाचाही फरक नाही. पण मधला वेळ उरला पंचेचाळीस मिनिटं.

प्रत्येक विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात जाण्यासाठी किमान किती वेळ हवा, हे ठरलेलं असतं. फ्रँकफर्टला तो पंचेचाळीस मिनिटं म्हणून ओळखला जातो. म्हणजे प्रणालीच्या हिशेबाने ही जोडणी चालते. संगणक काही तक्रार करत नाही. बऱ्याच मोठ्या एजन्सी आणि पोर्टल ठरावीक मिनिटांच्या आतले बदल संगणकाकडूनच परस्पर मान्य करून घेतात, आणि अशा ठिकाणी हे बुकिंग कुणा माणसाने पाहिलंही नसतं. आजी-आजोबांना मात्र त्या पंचेचाळीस मिनिटांत विमानातून सगळ्यांत शेवटी उतरायचं आहे, व्हीलचेअर येईपर्यंत थांबायचं आहे, पुन्हा सुरक्षा तपासणी, अमेरिकेच्या विमानासाठी कागदपत्रं दाखवणं, आणि दार तर सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं. नियमात बसणारी ही जोडणी त्यांना झेपणारी नाही.

जाणता एजंट इथे थांबतो. तो पूर्ण प्रवास एका कागदावर मांडतो. पोहोचण्याची तारीख तर पुढे सरकली नाही ना? शेंगेन व्हिसा ज्या दिवसापासून लागू आहे त्याच्या आदल्या रात्री तर माणूस उतरत नाही? टर्मिनल तेच आहे का? चौघांचं कुटुंब असेल तर चौघेही एकाच विमानात राहिले का, की दोन पीएनआर असल्यामुळे दोघे सकाळच्या आणि दोघे रात्रीच्या विमानात गेले? मग तो फोन उचलतो. "काका, तुमच्या तिकिटात बदल आलाय. मी अजून होकार दिलेला नाही. फ्रँकफर्टला वेळ फार कमी राहतोय. शिकागोचं दुपारचं विमान मागतो, म्हणजे तिथे निवांत चार-साडेचार तास मिळतील. पण पोहोचायला संध्याकाळ होईल. मुलाला विचारून घ्या, त्या वेळेला तो घ्यायला येऊ शकेल का."

या फोनमधलं "होकार दिलेला नाही" हे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. प्रवाशाने स्वतःहून तारीख बदलली तर तो बदल ऐच्छिक. दंड भरा, भाड्यातला फरक भरा. कंपनीने बदलली तर तो अनैच्छिक, आणि तिथे नियम उलटे फिरतात. प्रत्येक कंपनीचं एजंटांसाठी एक धोरण असतं: इतक्या मिनिटांपेक्षा जास्त बदल असेल किंवा जोडणी मोडत असेल, तर प्रवाशाला आमच्या अमुक उड्डाणांवर, तितक्या दिवसांच्या आत, त्याच वर्गात, फरक न घेता हलवा. कधी भागीदार कंपनीच्या विमानातही हलवता येतं. कधी कंपनीच्या मदत कक्षाकडून एक सवलत-संकेत घ्यावा लागतो, ज्याला या धंद्यात वेव्हर कोड म्हणतात. हे सगळं मागण्याचा हक्क बदल मान्य करण्याआधी भक्कम असतो. मान्य केल्यावर त्याच मागणीला ऐच्छिक बदलाचा दंड लावला जाण्याची शक्यता असते.

अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०२४ साली केलेल्या नियमात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाची सुटण्याची वेळ सहा तास किंवा जास्त अलीकडे आली किंवा पोहोचण्याची सहा तास किंवा जास्त पुढे गेली, विमानतळ बदलला, वाटेतले थांबे वाढले किंवा खालच्या वर्गात बसवलं, तर प्रवाशाला पैसे परत मागता येतात. तिकीट पैसे परत न मिळणाऱ्या प्रकारातलं असलं तरी. अट एकच, त्याने नवा पर्याय स्वीकारलेला नसावा. साताऱ्याच्या जोडप्याला हा नियम लागू पडणार नाही, त्यांचा बदल सहा तासांचा नाही. त्यांचं काम कंपनीच्या धोरणातूनच निघेल. पण शिकागोला दुपारऐवजी मध्यरात्री पोहोचवलं असतं तर हाच नियम कामाला आला असता, आणि संगणकाने परस्पर दिलेल्या होकाराने तो हातचा गेला असता.

दुपारचं विमान मिळालं. मुलगा हो म्हणाला. पीएनआरमध्ये नवी ओळ एचके झाली. प्रवाशाला वाटतं, झालं. इथून पुढे जे उरतं त्यात सर्वांत जास्त गफलती होतात. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बुकिंगमध्ये नवं विमान आहे, पण तेरा आकडी क्रमांकाच्या ई-तिकिटावर अजून जुनंच आहे. निव्वळ वेळ बदलली असेल तर बऱ्याचदा त्याच तिकिटावर नवी नोंद करून भागतं. उड्डाण क्रमांक, तारीख किंवा मार्ग बदलला की तिकीट पुन्हा काढावं लागतं, फरक शून्य दाखवून, बदल अनैच्छिक असल्याचा शेरा मारून. हे राहिलं तर मुंबईच्या काउंटरवर पहाटे कर्मचारी सांगतो, "तुमचं बुकिंग दिसतंय, पण त्याला तिकीट जोडलेलं नाही." त्या वेळी एजंटचं कार्यालय बंद असतं.

आणि शेरा चुकला, संकेत नीट टाकला नाही, किंवा धोरणात न बसणारं विमान दिलं, तर कंपनी एजंटकडून भाड्याचा फरक वसूल करते. त्या वसुलीच्या चिठ्ठीला एडीएम म्हणतात. प्रवास संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत ती येऊ शकते. आजी-आजोबा शिकागोहून परत येऊन साताऱ्यात रुळलेले असतात आणि एजंटच्या हिशेबातून हजारो रुपये कापले जातात. आज बहुतेक कंपन्या एजंटला मूळ भाड्यावर जवळजवळ काही कमिशन देत नाहीत. म्हणून एजंट जे सेवाशुल्क मागतो त्याच्याकडे मी तिकीट छापण्याची मजुरी म्हणून पाहत नाही. ते या जोखमीचे आणि या तासन्‌तासांच्या फोनचे पैसे आहेत. शुल्क घेऊनही जो क्यू उघडून पाहत नाही, त्याला मात्र ते मागण्याचा काही अधिकार नाही.

नव्या विमानावर नेताना व्हीलचेअर, जैन किंवा शाकाहारी जेवण, पैसे भरून घेतलेली खिडकीची जागा, यांतलं काहीही मागे राहू शकतं. ते पुन्हा मागावं लागतं आणि कंपनीकडून पक्कं झाल्याचं पाहावं लागतं. एजंटने नवं तिकीट पाठवलं की प्रवाशाने या गोष्टी स्वतः विचाराव्यात.

स्वस्त दराच्या कंपन्यांचा कारभार वेगळा. इंडिगोसारख्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवासी स्वतःच पीएनआर टाकून दुसरं विमान किंवा परतावा निवडू शकतो. सोय उत्तम आहे. पण एजंट एकीकडे पर्याय शोधत असताना घरातल्या कुणी परतावा निवडून टाकला, तर जागा जाते आणि पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, म्हणजे एजंटच्या खात्यात, परत जातात. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांचं नियोजन बिघडून इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली. ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजाराहून जास्त. तशा गर्दीत एजंट आणि घरचे यांनी एकाच वेळी एकाच बुकिंगला हात घालू नये. कोण करणार ते आधी फोनवर ठरवावं. आणि पुणे-दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली-लंडन दुसरीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर पहिल्याची वेळ बदलल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. एका तिकिटावरचा प्रवास दोन हजार रुपयांनी महाग पडला तरी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

परताव्याबद्दल आपल्याकडचा नियम प्रवाशाच्या बाजूचा आहे. डीजीसीएने २०१६ मध्ये स्पष्ट केलं की तिकीट एजंट किंवा पोर्टलकडून घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी. टाळेबंदीतल्या रद्द तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला दिलेल्या निकालातही एजंटमार्फतच्या तिकिटांचा स्वतंत्र विचार आहे: कंपनीने पैसे द्यायचे आणि एजंटने ते लगेच प्रवाशाकडे पोहोचते करायचे. "कंपनीने अजून दिले नाहीत" आणि "एजंटकडे अडकलेत" ही दोन उत्तरं एकमेकांकडे टोलवली जात असतील, तर तक्रार कंपनीकडे लेखी करावी.

रद्द झालेल्या उड्डाणासाठी डीजीसीएचा दंडक असा की कंपनीने निदान दोन आठवडे आधी कळवावं आणि प्रवाशाला मान्य होईल असं दुसरं विमान किंवा परतावा द्यावा. आगाऊ कळवण्यात कसूर झाली तर प्रवासाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून. कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचं असेल तर भरपाई नाही. याच नियमात एक वाक्य आहे ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही: बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती न दिलेल्या प्रवाशाला भरपाई मिळणार नाही.

निरोप एजंटकडेच अडकण्याची गोष्ट युरोपात न्यायालयात गेली होती. अॅमस्टरडॅमहून सुरिनामची राजधानी पारामारिबोला जाणारं, १४ नोव्हेंबर २०१४ चं एक उड्डाण सुरिनाम एअरवेजने रद्द केलं. एका प्रवाशाने ते ऑनलाइन एजन्सीमार्फत घेतलं होतं. कंपनीने एजन्सीला ९ ऑक्टोबरला कळवलं, महिनाभर आधी. एजन्सीचा ईमेल प्रवाशाला आला ४ नोव्हेंबरला, दहा दिवस आधी. युरोपीय नियमात चौदा दिवसांची मुदत आहे. कंपनी म्हणाली, आम्ही वेळेत कळवलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ११ मे २०१७ ला निकाल दिला: एजंटला कळवणं म्हणजे प्रवाशाला कळवणं नव्हे, प्रवाशाला वेळेत कळल्याचं कंपनीने सिद्ध करावं, नाहीतर ६०० युरो द्यावेत. कंपनीला ते एजंटकडून नंतर वसूल करायची मुभा आहे. मला हा निकाल अतिशय योग्य वाटतो. निरोपाची साखळी कंपनीने आणि एजंटने उभी केली, तिच्यातल्या गळतीचा भुर्दंड प्रवाशाने का सोसावा?

आपल्याकडे ही साखळी आणखी लांब असते. साताऱ्यातल्या छोट्या एजंटकडे बहुधा आयाटाची मान्यता नसते. तो मुंबईच्या मोठ्या घाऊक एजंटकडून किंवा एजंटांसाठीच्या पोर्टलवरून तिकीट उचलतो. मग पीएनआरमध्ये फोन त्या पोर्टलचा, ईमेल त्याच पोर्टलचा. कंपनीचा एसएमएस कुणा अनोळखी कार्यालयाच्या मोबाईलवर जातो, तिथून मेल छोट्या एजंटकडे, आणि तो लग्नसराईत गावी गेलेला असतो. २०१९ च्या जूनपासून आयाटाचा नियम आहे की एजंटने प्रवाशाला त्याचा स्वतःचा मोबाईल आणि ईमेल विचारायचा आणि सीटीसीएम व सीटीसीई या ठरलेल्या नोंदींमध्ये तो पीएनआरमध्ये टाकायचा. प्रवाशाने नकार दिला तर तो नकारही नोंदवायचा. पण ग्राहक थेट कंपनीकडे जाईल या भीतीने काही एजंट तिथे स्वतःचाच नंबर घालतात. ही भीती चुकीच्या जागी आहे. ज्या एजंटने साताऱ्याच्या त्या जोडप्यासाठी दुपारचं विमान मागून घेतलं, त्याला सोडून ते कुठे जाणार?

तेव्हा तिकीट हातात आल्यावर नाव आणि तारीख तपासतो तसंच एजंटला विचारा: "पीएनआरमध्ये माझा मोबाईल नंबर टाकलाय ना?" मग विमान कंपनीचा सहा जागांचा क्रमांक घेऊन तिच्या संकेतस्थळावर स्वतः बुकिंग उघडा आणि संपर्काच्या रकान्यात कुणाचा नंबर दिसतो ते पाहा. तो तुमचा नसेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. प्रवासाच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी तीच पानं पुन्हा उघडा. आणि बदलाचा निरोप आला, त्यात मान्य करण्याचं बटण असलं, तर ते दाबण्याआधी एजंटला फोन करा.